दोघांनाही दिसलं नाही

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तीनच प्रकारचे कागद लागायचे. पाणी येणार नाही, लाइट येणार नाही आणि मेंटेनन्स अजून आलेला नाही. त्यामुळे जिन्याखालून जाताना बोर्डाकडे कुणी बघत नसे. मी सेक्रेटरी होतो, कागद मीच लावायचो, आणि मीसुद्धा बघत नसे.

एका सोमवारी सकाळी तिथे बुद्धिबळाच्या पटाचा फोटो लागला होता. पट ओळखीचा होता. पार्किंगमध्ये कॅरमच्या स्टँडवर रोज मांडला जाणारा आमचाच पट, मागे गालांच्या स्कूटरचं अर्धं चाक. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: "काल संध्याकाळी. ए-७ सावंत (पांढरे) विरुद्ध बी-४ गाला (काळे). काळ्याची खेळी. इथे काळा जिंकत होता. हरला. काय खेळायला हवं होतं?"

दहाच्या सुमारास गाला माझ्याकडे आले. त्यांचं मुलुंड स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान होतं आणि ते सकाळचे दुकान सोडून कुठे जात नसत. "सेक्रेटरी साहेब," ते म्हणाले, "मी हरलो ते माझं प्रायव्हेट मॅटर आहे ना?"

मी कमिटीची बैठक बोलावली. यापुढे बोर्डावर फ्लॅट नंबर आणि नावं लिहू नयेत असा ठराव झाला. पुढच्या सोमवारी नवा फोटो लागला. "एक रहिवासी विरुद्ध दुसरा रहिवासी. काळ्याची खेळी. काळ्याने फुकटचं प्यादं मारलं." मागे स्कूटरचं चाक होतंच. गाला त्यानंतर स्कूटर दुसरीकडे लावू लागले.

हे कागद लावायच्या त्या साळवे मॅडम. सोसायटीचं टायपिंग त्या करून द्यायच्या, म्हणून बोर्डाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. बी विंगला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूल नव्हतं, कराडला धाकटी बहीण होती. नोकरी सगळी कोर्टात झाली. स्टेनोग्राफर होत्या, शेवटची बरीच वर्षं कौटुंबिक न्यायालयात. उंच, सडसडीत, कॉटनची साडी, खांद्याला काळी पर्स. पर्स त्या जिना उतरून बोर्डापर्यंत यायलासुद्धा घ्यायच्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सावंत आणि गाला खेळायला बसले की मॅडम खुर्ची घेऊन शेजारी बसत. बोलत नसत. मध्येच एखाद्या क्षणी उठून मोबाइलने पटाचा फोटो काढत आणि परत बसत. फोटो काढला की दोघेही घाबरायचे. आत्ता इथे काहीतरी आहे एवढं कळायचं, पण कुणासाठी आहे ते कळायचं नाही. गाला म्हणायचे, मॅडमचा मोबाइल वर आला की माझं बीपी वर जातं.

स्वतः मॅडम कधी खेळल्या नाहीत. त्यांना डावाची सुरुवात कशी करतात तेही नीट ठाऊक नव्हतं. कोर्टात जेवणाच्या सुट्टीत पेपरातली कोडी सोडवून त्या बुद्धिबळ शिकल्या, आणि पेपरातलं कोडं डावाच्या मध्यावरच सुरू होतं. सुरुवात का नाही शिकलात, असं मी एकदा विचारलं. "सुरुवातीला सगळ्यांचं सारखंच असतं," त्या म्हणाल्या. "त्यात बघण्यासारखं काय?"

कोडं खऱ्या डावातलं हवं, हा त्यांचा हट्ट होता. कुणीतरी बसून डोकं चालवून रचलेल्या कोड्यांना त्या हात लावत नसत. तशी वेळ कुणावर येत नाही, म्हणायच्या. मोबाइलवर रोज सकाळी चहाबरोबर कोडी सोडवायच्या, पण उत्तर आलं म्हणून त्यांचं समाधान व्हायचं नाही. तो डाव कुणाचा, आणि प्रत्यक्षात त्या माणसाला ते दिसलं का, हे शोधून काढल्याशिवाय कप विसळायला जात नसत. मग भाजीच्या गाडीवर भेटल्या की सांगायच्या, काल एक हंगेरीचा माणूस होता, दोन खेळ्यांत मात होती, आणि त्यानं प्यादं पुढे सरकवलं. हे त्या अशा आवाजात सांगायच्या की भाजीवाल्यालाही वाटायचं, आपल्याच बिल्डिंगमधलं कुणीतरी गेलं.

हळूहळू लोक बोर्डापाशी थांबू लागले. उत्तर दुसऱ्या दिवशी लागायचं. तोपर्यंत बोर्डासमोर मोठ्याने उत्तर सांगायची बंदी होती. मॅडमना एकट्यात गाठून सांगायचं. ए विंगचे एक इंजिनीअर ऑफिसला जाता जाता थांबले आणि त्यांना म्हणाले, "सोपं आहे. घोड्याने शह."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"मग राजा हलतो."

"कुठे?"

"इकडे. किंवा तिकडे."

"इकडे हलला, मग? तिकडे हलला, मग?"

इंजिनीअर ऑफिसला उशिरा पोचले. हा मॅडमचा "मग?" सगळ्या सोसायटीला माहीत झाला होता. आवाज चढत नसे, भुवई हलत नसे. कोर्टात साक्षीदार बोलायचा थांबला की टायपिंगही थांबतं आणि सगळे त्याच्याकडे बघतात, तसं त्या बघायच्या.

आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं निघालं तेव्हा बिल्डरचा माणूस प्रोजेक्टर घेऊन आला होता. त्याने पडद्यावर झाडं दाखवली, जिम दाखवलं, गच्चीवर योगासनं करणारी एक गोरी बाई दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हात वर केला आणि विचारलं, आम्ही घरं रिकामी केली, मग? तो म्हणाला, मग बिल्डिंग पाडू. मग? मग परवानग्या येतील. नाही आल्या, मग? तो म्हणाला, येतातच. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पाणी प्याला. मग स्वतःहूनच सांगू लागला की कधी कधी उशीर होतो, ठाण्याच्या एका सोसायटीत झाला, पण त्यात कंपनीची चूक नव्हती. ही ठाण्याची सोसायटी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. परवानग्या हातात आल्याशिवाय घरं रिकामी करायची नाहीत, हे कलम त्या संध्याकाळी करारात गेलं. गाला माझ्या कानात म्हणाले, ही बाई माझ्यावर का वाया घालवतेय स्वतःला.

गालांची एक तक्रार मात्र खरी होती. बोर्डावर त्यांचेच पराभव लागतात असं ते म्हणायचे. मॅडमनी आपले फोटो तपासले आणि त्यांना ते पटलं. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण तेव्हापासून वेगळ्याच प्रकारचे फोटो लागू लागले. पहिला मला आठवतो. सावंतांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे कोंडलेला, आणि गालांचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत गेला असता तर तिथेच मात. गाला गेले नाहीत. सावंतांनी प्यादं हलवून राजाला वाट दिली नाही. असं बराच वेळ चाललं, आणि मग तिसऱ्याच कुठल्यातरी कारणाने डाव संपला. खाली लिहिलं होतं: "दोघांनाही दिसलं नाही."

पुढे बोर्डावर असेच फोटो जास्त लागले. मी एकदा विचारलं की हेच का निवडता. आम्ही सोसायटीच्या ऑफिसात होतो, मॅडम मला वार्षिक सभेचं इतिवृत्त टाइप करून देत होत्या. त्यांनी टायपिंग थांबवलं नाही.

त्यांनी सांगितलं की एका केसमध्ये नवरा-बायकोच्या साक्षी एकाच दिवशी झाल्या. सकाळी नवरा म्हणाला, ही एकदा जरी म्हणाली असती की वेगळं राहू, तर मी आईला सोडून वेगळा राहिलो असतो, पण ही कधी म्हणालीच नाही. दुपारी बायको म्हणाली, वेगळं राहू असं मला रोज म्हणावंसं वाटायचं, पण हा नाहीच म्हणणार, म्हणून मी विचारलं नाही.

"दोन्ही मीच टाइप केलं," मॅडम म्हणाल्या. "मध्ये जेवणाची सुट्टी होती. मी डबा खाल्ला."

"आणि?"

"घटस्फोट झाला. टायपिस्टनं बोलायचं नसतं." मग त्यांनी मला विचारलं की इतिवृत्तात गच्चीच्या गळतीचा ठराव क्रमांक चार घालायचा की पाच.

सावंत आणि गाला यांच्याबद्दल सांगायला हवं. सावंत मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः पोस्टात नोकरी करून निवृत्त झाले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. गाला त्यांच्याहून बरेच लहान, पण बिल्डिंग नवी होती तेव्हापासून दोघांची दोस्ती, अगदी अरे-तुरेतली. गालांच्या दुकानातला पहिला कुकर सावंतांनी घेतला होता, असं दोघेही सांगायचे, फक्त तो किती दिवस चालला यावर एकमत नव्हतं.

पुनर्विकासाला गालांचा पाठिंबा होता. सावंतांचा नव्हता. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी सावंत उद्या बघू, परवा बघू करत होते. त्या संध्याकाळी दोघे खेळत बसले होते आणि आम्ही चार-पाच जण भोवती उभे होतो. डाव रंगात होता. गालांकडे सोंगट्या जास्त होत्या, ते खुशीत होते. कुणीतरी सह्यांचा विषय काढला. सावंत म्हणाले, मला इथून हलायचं नाही, एवढंच. गाला पटावरची नजर न काढता, हसतच बोलून गेले:

"सावंत, नवीन घर बघायला तू असणार आहेस का? मग अडवतोस कशाला?"

गाला वर बघेपर्यंत सावंत उठले होते. त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल घेतला, खांद्यावर टाकला आणि ते जिना चढून गेले. मॅडमनी पटाचा फोटो काढला. सवयीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंत माझ्याकडे आले आणि त्यांनी संमतीपत्रावर सही केली. "आता मी कुणाला अडवत नाही," म्हणाले. बस्स. त्या संध्याकाळी ते खाली आले नाहीत, नंतरही आले नाहीत. गालांना भांडण झालं असतं तर चाललं असतं. सही झालेली त्यांना झेपली नाही. काही दिवस ते एकटेच पट मांडून बसले, मग तेही यायचे थांबले.

बोर्ड रिकामा झाला. खेळणारेच नव्हते तर फोटो कुठून येणार? पाणी येणार नाही, लाइट येणार नाही, मेंटेनन्स आलेला नाही.

मग एके सकाळी तो शेवटचा, अर्धवट राहिलेला डाव बोर्डावर लागला. ठराव मोडून, पूर्ण नावांनी. "श्री. सावंत विरुद्ध श्री. गाला. डाव अपूर्ण. खेळी सावंतांची." मी सेक्रेटरी म्हणून तो काढायला हवा होता. मी किल्ली घरी राहिली असं कमिटीला सांगितलं.

सगळ्या बिल्डिंगने ते कोडं सोडवायला घेतलं आणि बहुतेकांचं उत्तर एकच होतं. सावंत हरणार. गालांकडे एक हत्ती जास्त होता. मॅडम प्रत्येकाला नाही म्हणून परत पाठवत होत्या. मला स्वतःला काही कळलं नाही. दोन-तीन दिवसांनी सावंत दूध आणायला उतरले, बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि दुधाची पिशवी तशीच हातात घेऊन मॅडमच्या दारात गेले. हे मला मॅडमनीच सांगितलं. सावंत म्हणाले, वजिराने शह. मॅडम म्हणाल्या, मग? राजा कोपऱ्यात जातो. मग? परत शह. राजा परत होता तिथे येतो. मग? सावंत म्हणाले, मग काही नाही, परत तेच. त्याला सुटता येत नाही आणि मला जिंकता येत नाही. दोघं नीट खेळलो तर बरोबरी.

"बरोबर आहे," मॅडमनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी गाला मला दुकानात बोलावून घेऊन तेच उत्तर सांगत होते. त्यांनी ते भांड्यांची झाकणं मांडून दाखवलं.

मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं की दोघांनाही दिसलंय. त्यांनी चहा ठेवला. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं. म्हणजे त्यांनी बिस्किटं काढली. आम्ही वाट बघितली. गालांचं म्हणणं पडलं की खेळी सावंतांची आहे, तो खेळल्याशिवाय मी काय करणार. सावंतांचं म्हणणं, माझी खेळी मी मॅडमना सांगितली, आता बोलायचं असेल तर त्याने बोलावं. आठवडा गेला. कोणी कोणाच्या घरी गेलं नाही.

मॅडमनी स्वतः येऊन कागद काढला. मी बोर्डाची काच धरून उभा होतो. कागदाची त्यांनी नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, मला वाटायचं, दिसत नाही म्हणून खेळत नाहीत."

मी काच लावून घेतली. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला हेच वाटत होतं." आणि जिना चढून गेल्या. त्यानंतर बोर्डावर फोटो लागला नाही. सकाळची मोबाइलवरची कोडीसुद्धा त्यांनी बंद केली, असं त्यांची कामवाली म्हणाली.

परवानग्या आल्या. घरं रिकामी झाली. मी ठाण्याला भाड्याने गेलो, सावंत भांडुपला मुलीजवळ, गाला घाटकोपरला मुलाकडे. मॅडम मुलुंडलाच, पश्चिमेला एका चाळीवजा बिल्डिंगमध्ये. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप तेवढा राहिला. त्यावर सुप्रभात यायचं आणि बांधकामाचा न बदलणारा फोटो यायचा.

पावसाळा संपता संपता ग्रुपवर मेसेज आला. गाला बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, घाटकोपरच्या हॉस्पिटलमध्ये आहेत, हृदय नाजूक असल्यामुळे ऑपरेशनची डॉक्टरांना काळजी वाटते. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं, आणि माझा मेसेज सावंतांनी वाचल्याची निळी खूण दिसत होती. त्यांचं चित्र नव्हतं.

मला मॅडमचा फोन आला. तुमची गाडी चालू आहे का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मुलुंडहून त्यांना घेतलं. मला वाटलं घाटकोपरला जायचं. त्या म्हणाल्या, आधी भांडुप.

सावंत टीव्हीसमोर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी आवाज बंद केला, टीव्ही चालू ठेवला. मॅडम बसल्या नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडी खाली उभी आहे."

"कुठे?" सावंतांनी विचारलं, कळूनही.

"तुम्ही तुमची खेळी मला सांगितली होती, सावंत. मला सांगून काय उपयोग? मी खेळत नव्हते. आणि मीही तेव्हा मुकाट ऐकून घेतलं. तेव्हाच तुम्हाला हाताला धरून बी-४ ला न्यायला हवं होतं. कोडी बास झाली आता. चपला घाला."

सावंत टीव्हीकडे बघत म्हणाले, "आणि तो म्हणाला, नको येऊस, तर?"

"तर घरी येऊ," मॅडम म्हणाल्या.

सावंतांना चपला सापडायला वेळ लागला. एक सोफ्याखाली होती. मॅडमनी वाकून काढून दिली.

हॉस्पिटलमध्ये गाला खिडकीकडे तोंड करून पडले होते. अंगाने अर्धे झाले होते. सावंतांना दारात बघून त्यांनी आधी छताकडे बघितलं. "मी तेव्हा जे बोललो ना," ते म्हणाले.

"पाय कसो आसा?" सावंतांनी विचारलं.

"उद्या ऑपरेशन आहे."

सावंत स्टुलावर बसले. मग गाला म्हणाले, "तसं बोलायला नको होतं रे."

"माका ठाऊक आसा," सावंत म्हणाले. "तुका दिसता ताच तू बोलतस. म्हणानच इतको राग इलो."

यानंतर त्यांचा विषय नव्या घराच्या बाथरूममधल्या लाद्यांवर गेला. गुळगुळीत लाद्या बसवायच्या नाहीत, बिल्डरला आत्ताच लिहून द्यायला हवं, यावर एकमत झालं. लाद्यांच्या रंगावरून वाद सुरू झाला तेव्हा मी बाहेर आलो.

ऑपरेशन नीट झालं. गाला आता काठी घेऊन चालतात. सावंत रविवारी भांडुपहून घाटकोपरला खेळायला जातात, जावई सोडतो. बिल्डिंगचं काम चौथ्या मजल्यापर्यंत आलंय आणि आपण दोघं ती बघणार की नाही यावर ते पैजा लावतात. मॅडम ती बघणार नाहीत. हॉस्पिटलच्या त्या दिवसानंतर काही महिन्यांनी त्या बहिणीकडे कराडला गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. बातमी ग्रुपवर आली. कुणीतरी त्यांच्या नावात चूक केली होती, ती गालांनी दुरुस्त करायला लावली.

मॅडम मला आठवतात त्या हॉस्पिटलमधल्या, मी गालांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हाच्या. कॉरिडॉरमध्ये गर्दी होती, टोकन नंबर पुकारत होते, एक बाई मोबाइलवर मोठ्याने कुणाला तरी रस्ता सांगत होती. भिंतीलगतच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड जरासं उघडं. गाढ झोपल्या होत्या. कितीतरी वर्षांच्या शेजारात त्या काहीच बघत नाहीयेत असं मी पहिल्यांदा पाहत होतो. भेटीची वेळ संपली होती आणि वॉचमन एकेकाला उठवत आमच्या बाजूला येत होता. मी त्याला हातानेच थांब म्हणून खूण केली. त्याने मॅडमकडे बघितलं, आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.